पाहुण्यांना दाखवलेला शिपाई

संस्थान विलीन होऊन चार वर्षं झाली होती. आमची संस्थानी पलटण हिंदी लष्करात मिसळली आणि मी हवालदार म्हणून कोल्हापुरातच, टेंबलाईच्या बाजूच्या कॅम्पात राहिलो. माझं गाव कागलपासून पाच मैलांवर. महिन्यातून एकदा सायकलवर घरी जाऊन यायचो. अशी पोस्टिंग नशिबानंच मिळते.

शाळांतून, गणेशोत्सवातून मला आठवणी सांगायला बोलावतात. मी ब्रह्मदेशातल्या सांगतो, लोकांनाही त्याच ऐकायच्या असतात. ही गोष्ट कोल्हापुरातली, शांततेच्या काळातली. ती मी आजवर माझ्या नावानं कुठं सांगितलेली नाही.

कॅम्पातला दिवस ठरलेला होता. साडेपाचला पी.टी., सातला नाश्ता, आठला परेड, मग शस्त्रं, स्टोअर, फटीगची अंगमेहनत. युद्धात मी दीड वर्ष एका इंग्रज कंपनी कमांडरचा रनर, म्हणजे निरोप्या होतो, त्यामुळं मोडकंतोडकं का होईना इंग्रजी बोलायचो. अख्ख्या कंपनीत तेवढं बोलणारा दुसरा नाईक-हवालदार नव्हता. म्हणून बाहेरचं कुणी आलं की हाक मला यायची.

त्या डिसेंबरात एका मित्रदेशाचा मेजर आणि त्याची बायको तीन दिवसांसाठी येणार असा निरोप आला. आमचे कॅप्टन साहेब पंजाबकडचे, बदलून येऊन सहा महिने झालेले. त्यांचं बोलणं हिंदीत व्हायचं. इथं मी ते मराठीत देतो.

"चौगुले, पाहुण्यांना कोल्हापूर दाखवायचं. देऊळ, तालीम, गुऱ्हाळ, चपला. तू बरोबर राहायचंस."

"जी साहेब."

"आणि एक. मेमसाहेबांना इथले मूळ लोक बघायचेत. जंगलातले. शिकार करणारे. कुणी आहे का माहितीतला?"

"आहे साहेब."

उत्तर द्यायला मला एक क्षणही लागला नाही. तेव्हा माझं नाव जमादाराच्या, म्हणजे खांद्यावर एक चांदणी मिळणाऱ्या, बढतीसाठी विचारात होतं. शिफारस याच साहेबांच्या सहीनं जाणार होती.

माझ्या डोक्यात होता रावजी पवार. फासेपारधी. कागल रस्त्याच्या कडेला माळावर त्यांची सात-आठ पालं होती. तित्तर, ससे, कधी डुक्कर फासात धरायचे. उसाच्या मालकांना डुकरांचा त्रास, त्यामुळं ते यांना आपणहून बोलवायचे. कॅप्टन साहेबांना मी एवढंच सांगितलं. जे सांगितलं नाही ते आता सांगतो.

रावजी युद्धात माझ्या सेक्शनमध्ये होता. कागलच्या बाजारात भरतीची पार्टी आली तेव्हा मी लान्स नाईक होतो आणि पार्टीबरोबर होतो. रावजी रांगेत उभा राहिला. छाती, उंची, नजर, सगळं पास. क्लार्कनं जात विचारली. पारधी म्हटलं असतं तर भरतीच्या साहेबानं त्याला बाहेर काढलं असतं. पलीकडच्या ब्रिटिश मुलखात त्यांना अजून पोलीस हजेरी होती आणि साहेबाच्या लेखी ते सगळे एकजात गुन्हेगार. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी क्लार्कला म्हणालो, "मराठा आहे. माझ्या गावचा. मी ओळखतो." खाली मी सही केली. आडनाव पवार, कुणाला शंका आली नाही.

ब्रह्मदेशात तो आमचा स्काऊट होता. जमिनीवरचं गवत बघून तो सांगायचा की इथून किती माणसं गेली आणि कवा गेली. एकदा ओढ्याकाठी त्यानं माझा पट्टा मागून धरला आणि मला जागच्या जागी थांबवलं. माझ्या गुडघ्यापुढं वीतभर अंतरावर तार ताणलेली होती. तारेच्या टोकाला जपानी बॉम्ब. मी आज ऐंशीला पोचलोय ते त्या पट्ट्यामुळं.

युद्ध संपल्यावर त्याला डिस्चार्ज मिळाला. मी राहिलो.

रविवारी मी त्याच्या पालावर गेलो. त्याची बायको जनी चुलीपुढं होती. तिनं पोतं अंथरलं.

"या उस्ताद," रावजी म्हणाला. पलटणीतली हाक त्यानं सोडली नव्हती. "लई दिसांनी वाट चुकलासा."

मी काम सांगितलं. तो खूष झाला.

"फॉरिनचा मेजर? मग सलाम ठोकतो की कडक."

"सलाम नको. फासा दाव. डुक्कर धरून दाव."

"डुक्कर कशापायी? तित्तर दावतो. बाईमाणूस हाय संगं."

"साहेबाला डुकराचा फोटो पायजे."

त्यानं जनीकडं बघितलं. मग म्हणाला, "तुमी म्हंतासा तर लावतो."

पहिले दोन दिवस चांगले गेले. अंबाबाईचं देऊळ झालं, तालमीत मडमनं तांबडी माती मुठीत घेऊन बघितली, गुऱ्हाळावर गरम काकवी खाल्ली. मेजर पन्नाशीकडं झुकलेला, शांत माणूस होता. प्रत्येक गोष्ट विचारायचा आणि वहीत लिहून घ्यायचा. मी सांगेन ते तो खरं धरायचा. ही जबाबदारी किती मोठी असते ते मला तेव्हा कळलं नाही. परक्या माणसाला आपला मुलूख दाखवताना आपण जे बोलतो तेवढाच मुलूख त्याच्याबरोबर जातो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ चाळीसला पाहुण्यांच्या दोन जीपा माळावर पोचायच्या होत्या. मी दहा मिनिटं आधी पुढं गेलो होतो. रावजी वाट बघत उभा होता. अंगात पलटणीचा खाकी शर्ट, धुऊन कडक केलेला. छातीवर ब्रह्मदेशाच्या पदकाची रिबन. दाढी केलेली. टाचा जुळलेल्या.

मी म्हणालो, "ह्ये काढ."

"काय काढू?"

"शर्ट. रिबन. उघडा ऱ्हा. लंगोटी आणि मुंडासं. त्यास्नी जंगलातला माणूस बघायचाय."

"उस्ताद, मेजर हाय त्यो. त्येला कळंल की, ह्यो बी आपल्यातला हाय."

"तेच कळाय नकू," मी म्हणालो. "माझी बढती हाय. तुझी नोंद मी केलती. उगं कुणी कागद उकरील."

त्यानं शर्टाची बटणं काढली. वरून खाली, एकेक. शर्टाची घडी घालून जनीच्या हातात दिली. जनी माझ्याकडं बघत होती. मी रस्त्याकडं बघितलं.

जीपा आल्या. माळावर उभं राहून मी भाषण दिलं. ते शब्द मला पाठ आहेत, कारण गेली कित्येक वर्षं मी ते ऐकतोय. मी इंग्रजीत म्हणालो, सर, हे इथले मूळचे जंगली लोक. यांना शेती नाही, शाळा नाही. पुष्कळजण जन्मानंच थीफ असतात. शिस्त म्हणजे काय हे यांना ठाऊक नाही.

या लोकांना जन्मानं गुन्हेगार ठरवणारा हजेरीचा कायदा सरकारनं नुकताच रद्द केला होता. कॅम्पात तो हुकूम आम्हाला वाचून दाखवला होता. तरी मी हे बोललो. मेजरनं ते वहीत लिहून घेतलं. रावजी चार पावलांवर उघड्या अंगानं उभा होता. थंडी होती.

उसाच्या कडेला त्यानं पहाटेच फासे लावले होते. एकात मोठा सुळेवाला डुक्कर मागच्या पायानं अडकला होता. दोर जमिनीत ठोकलेल्या मेखेला बांधलेला. डुक्कर दोर ताणून उभा होता, तोंडाला फेस. मडमनं कॅमेरा काढला.

"हितनंच," रावजी मला म्हणाला. "फुडं न्हाय. माती वली हाय, मेख ढिली हुतीया."

मी ते इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात कॅप्टन साहेब म्हणाले, "चौगुले, काय म्हणतोय तो? मेमसाहेबांना थोडं पुढं जायचंय."

"काही नाही साहेब. चालेल म्हणतोय."

मडम सात-आठ पावलं पुढं गेली. मेजर तिच्यामागं. नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी मेख निसटली.

डुक्कर सरळ आला. मी जागेवरून हललो नाही. हलता आलं नाही. त्याच वेळी माझ्या उजव्या बाजूनं आवाज आला.

"डाऊन! टेक कव्हर!"

तो परेड ग्राउंडवरचा आवाज होता. मेजरनं बायकोला खाली ओढलं आणि दोघं बांधाआड आडवे झाले. कॅप्टन साहेबही आडवे झाले. रावजी काठी घेऊन डुकराच्या वाटेत आडवा गेला. काठी मोडली. डुकरानं त्याच्या मांडीत सुळा घातला, त्याला वर उचललं, टाकलं आणि डुक्कर उसात शिरला. सगळं मिळून दहा सेकंद लागले असतील.

मांडी आतल्या बाजूनं जांघेपर्यंत फाटली होती. मेजर आमच्या सगळ्यांच्या आधी त्याच्याजवळ पोचला. स्वतःचा गळपट्टा काढून त्यानं जखमेच्या वर आवळला. मी जीपमधली फील्ड ड्रेसिंगची पट्टी आणली. बांधता बांधता मेजरनं मला विचारलं, "सार्जंट, या माणसाला हे शब्द कुणी शिकवले?"

रावजीचं डोकं माझ्या गुडघ्यावर होतं. कॅप्टन साहेब मागं उभे होते.

मी म्हणालो, "साहेब लोकांच्या शिकारीत हाकारे घालायला जात असेल, सर. तिथं ऐकलं असेल."

मेजर माझ्याकडं बघत राहिला. विश्वास बसला नाही हे दिसत होतं. पण पाहुणा होता, तो परत पट्टी आवळायला वळला.

कॅप्टन साहेबांनी मागची जीप दिली. मी रावजीला आणि जनीला घेऊन शहराच्या कडेला एका वयस्कर डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. दहा वाजून दहा मिनिटांनी पोचलो. डॉक्टरांनी पाऊण तास घालून जखम धुतली, शिवली. मग हात पुसत बाहेर आले.

"रक्त फार गेलंय. आज त्याला हलवू नका. सुळ्याची घाण आत खोलवर गेलीय, पेनिसिलिन आजच सुरू व्हायला पाहिजे. बाजारात दोन दिवस मिळत नाहीये, मी सगळीकडं माणूस पाठवून बघितला. तुमच्या कॅम्पाच्या दवाखान्यात, एम.आय. रूममध्ये असेल?"

"असेल."

"बाहेरच्याला देत नाहीत, मला ठाऊक आहे. याचा लष्कराशी काही संबंध?"

दार उघडं होतं. आतून रावजीचा आवाज आला.

"न्हाय जी. फौजेत कुठलं आमी. पारधी हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. नाही.

मी आत गेलो. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मडमला लागलं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"बरं झालं." मग तो म्हणाला, "उस्ताद, विंग्रजीत काय सांगत हुतासा? मला थीफ एवढंच कळलं. बाकीचं लई भरभर बोललासा."

त्यात राग नव्हता. एखाद्या गावाचं नाव विचारावं तसं विचारलं. मी म्हणालो, "काय न्हाय. असंच." आणि कॅम्पात परत आलो, कारण साडेसहाला मेसमध्ये निरोपाचा समारंभ होता आणि मला बोलायचं होतं.

मेसमध्ये मी पाहुण्यांना सांगितलं की आमच्या मुलखात माणूस माणसासाठी जीव टाकतो, मग तो कुठल्या का जातीचा असेना. टाळ्या झाल्या. मडम माझ्याकडं आली. "तो माणूस कसा आहे? आम्ही त्याला भेटायला जाऊ शकतो का?"

"बरा आहे, मॅडम. या लोकांना जखमांची सवय असते."

पहाटेच्या गाडीनं ते गेले.

सकाळी सव्वासहाला मी दवाखान्यात गेलो. रावजीला ताप चढला होता, तो त्यांच्या वाघरी बोलीत काहीबाही बडबडत होता. पाय सुजून काळसर पडला होता. वास येत होता. ब्रह्मदेशात तो वास मी ओळखायला शिकलो होतो. जनी उठून बाहेर आली. तिच्या हातात लाल कापडात गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक होतं.

"डाक्तर म्हणालं, फौजेतला असता तर सुई मिळाली असती. ह्यावर मिळंल न्हवं? त्यो राती म्हणाला दावू नकू."

"कशापायी?"

"तुमची बढती अडंल म्हणाला."

मी पुस्तक घेतलं आणि सायकलवर कॅम्पात आलो. सात चाळीसला कॅप्टन साहेबांच्या ऑफिसात उभा राहिलो. सगळं सांगितलं. भरती, खोटी जात, माझी सही, स्काऊट, तार, शर्ट. ते ऐकत राहिले. पुस्तक उघडून बघितलं. मग तिथल्या तिथं चिठ्ठी लिहिली आणि मेडिकलच्या नाईकाला औषध घेऊन जीपनं पिटाळलं.

जीप गेल्यावर ते म्हणाले, "बस्स, एवढंच? अरे, लढाईत अर्ध्या भरतीच्या नोंदी अशाच होत्या. माझ्या जुन्या कंपनीत तिघं होते. कुणी काय करणार होतं तुला?"

मी अटेन्शनमध्ये होतो.

"काल का नाही बोललास?"

भीती होती असं म्हणता येईल. पण ब्रह्मदेशात मला भीती वाटली होती तेव्हा मी हललो होतो, माणसं ओढून आणली होती. ही भीती निराळी होती. एका चांदणीसाठीची होती.

आठ पंचवीसला पहिलं इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, एक दिवस उशीर झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन दहाला रावजी गेला. शेवटचा तासभर तो शुद्धीवर होता. मी बाजूला बसलो होतो. मी माफी मागितली. त्यानं ऐकली की नाही ते ठाऊक नाही. तो छपराकडं बघत होता. पाणी मागितलं, जनीनं पाजलं.

अंत्यविधीला कॅप्टन साहेब माळावर आले. त्यांनी चार जवान आणले होते. बंदुकीची सलामी देण्याचा त्यांना अधिकार नव्हता, म्हणून त्यांनी स्वतः उभं राहून सॅल्यूट केला. पालांमधले लोक लांब उभे राहून बघत होते. त्यातल्या पुष्कळांना रावजी फौजेत होता हे माहीत नव्हतं. खोट्या नोंदीवरून पोलीस धरतील या भीतीनं त्यानं ते फारसं कुठं सांगितलं नव्हतं.

सहा महिन्यांनी माझी बढती आली. कॅप्टन साहेबांनी शिफारस मागं घेतली नव्हती. मला वाटलं होतं घेतील. मनातून वाटत होतं की घ्यावी. मी जमादार झालो. नाकारता आली असती, नाकारली नाही. घरी पेढे वाटले.

जनीच्या पेन्शनीसाठी मी अर्ज केले. ड्यूटीवरचा मृत्यू नव्हता, त्यामुळं काही मंजूर झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी पालावर गेलो तर माळ मोकळा होता. चुलींचे काळे दगड तेवढे होते. कुणी म्हणालं, मिरजेकडं गेले. कुणी म्हणालं, कर्नाटकात. मी दोन्हीकडं जाऊन आलो. जनी सापडली नाही.

त्या मेजरला मी पत्र लिहिलं. खरं काय ते लिहिलं आणि वहीतलं माझं वाक्य खोडावं अशी विनंती केली. चार वेळा फाडून पाचव्यांदा पाठवलं. उत्तर आलं नाही. पोचलं की नाही ते कळायला मार्ग नाही.

पुढच्या वर्षांत आणखी दोनदा बाहेरचे पाहुणे आले. दोन्ही वेळा मला बोलावलं. देऊळ, तालीम, गुऱ्हाळ मी दाखवलं. मूळचे लोक कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी रावजी पवारची हकिकत सांगितली, तार आणि पट्टा यासकट. माझं नाव मात्र घेतलं नाही. 'एक हवालदार' म्हणालो. ते आज इथं दुरुस्त करतो. तो हवालदार मी.

आमच्या सेक्शनमधून गेलेली माणसं चार. शिपाई बाबू तोडकर, चिकोत्रा नदीकाठचा, ब्रह्मदेशात नदी ओलांडताना. शिपाई हसन मुजावर, तोफेच्या माऱ्यात. लान्स नाईक केशव कांबळे, जखमी माणसाला पाठीवर घेऊन येताना. या तिघांची नावं पलटणीच्या स्मारकाच्या दगडावर आहेत आणि दरवर्षी मोठ्यानं वाचली जातात.

चौथा शिपाई रावजी पवार. जात फासेपारधी. कागल रस्त्यालगतच्या माळावर, पाहुण्यांना वाचवताना.